आतून दोन, बाहेरून दोन

बोट पाण्यात उतरली तेव्हा मार्वेच्या खाडीत भरती अर्ध्यावर आली होती आणि कोयंड्यांच्या घरची चारही माणसं चपला काठावर काढून चिखलात उभी होती. क्रेनवाल्याने पट्टे सैल सोडले. बोट एकदा डावीकडे कलली, मग सरळ झाली आणि तरंगायला लागली. नारळ फुटला, टाळ्या वाजल्या, मढच्या दोन-चार ओळखीच्यांनी मोबाइल वर करून शूटिंगही केलं. श्रुतिकाने मात्र टाळी वाजवली नाही. ती मांडीएवढ्या पाण्यात शिरली होती आणि वाकून बोटीच्या अंगावर हात फिरवत होती.

"काय शोधतेस गं?" जयाने काठावरून विचारलं.

"पट्टी," लेक म्हणाली. "माझी निळी पट्टी."

आदल्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने बोटीला चहूबाजूंनी निळी चिकटपट्टी लावली होती. हिशोब साधा होता. एवढ्या लांबीची, एवढ्या वजनाची बोट, म्हणजे पाणी बरोबर इथपर्यंत येणार. चार वर्षांचं शिक्षण आणि तीन वर्षांची ड्रॉइंगं त्या पट्टीत होती म्हणा ना. आणि पट्टी दिसतच नव्हती. शेवटी तिने खिशातून स्टीलची फूटपट्टी काढली, पाण्यात बुडवली आणि मोजलं. अकरा सेंटीमीटर. बोट ठरल्यापेक्षा अकरा सेंटीमीटर खाली बसली होती.

जयाने नजर दुसरीकडे वळवली. कारण ती पट्टी पाण्याखाली का गेली, हे त्या काठावर दोनच माणसांना ठाऊक होतं. एक ती आणि दुसरा तिचा नवरा. नवरा त्या वेळी क्रेनवाल्याला पेढा भरवण्यात फार गुंग झाला होता.

आता अकरा सेंटीमीटर म्हणजे काय मोठंसं, असं कुणालाही वाटेल. साध्या होडीला काही नाही. पण ही कॅटमरान. दोन लांबट, सडपातळ होड्या शेजारी शेजारी आणि दोघींच्या डोक्यावर टाकलेला एक माळा. माळ्यात स्वयंपाकघर, बसायची जागा, झोपायचं. जयाचे सासरे सहदेव, ज्यांना घरात सगळे तात्या म्हणतात, त्यांनी ड्रॉइंग पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाले होते, "दोन होड्यांचा लगीन लावलंस गो!" तर हा माळा पाण्यापासून चांगला उंच राहावा लागतो, म्हणजे लाटा त्याच्याखालून निघून जातात. तो खाली आला की लाट निघून जात नाही, आपटते.

आणि आपटलीच. दोन दिवसांनी शीड लावून त्यांनी बोट खाडीच्या तोंडाबाहेर काढली. वारा काही फार नव्हता, रोज मच्छीमार जातात तसली हवा. तरी पायाखालून धाड, धाड, कुणी मुसळाने कुटावं तसं सुरू झालं. जयाच्या स्वयंपाकघरातली तीन ताटं खाली आली. तात्या चाळीस वर्षं बंदरात जहाजं ओढणाऱ्या टगवर तांडेल होते, समुद्राला काय कळतं आणि काय कळत नाही ते त्यांना विचारावं. ते माळ्यावर तळवा टेकून दहा मिनिटं नुसते ऐकत बसले. मग म्हणाले, "मागे वळव रे. ही खाडीतली बोट. लक्षद्वीपाक नाय जावची."

लक्षद्वीपला जायचं, हेच तर सगळं होतं. या घरात दर डिसेंबरात सुट्टी काढून वीसफुटी शिडाच्या होडीने मालवणला जायची पद्धत. किनाऱ्याकिनाऱ्याने, रात्री बंदरात नांगर टाकत, आठ-नऊ दिवसांत. श्रुतिका चालायला शिकली ती त्या होडीत. लोक चौपाटीवर भेळ खायला जातात, कोयंडे विजयदुर्गला चहा प्यायला जायचे. पण त्या होडीत नीट पाय पसरून झोपायचे वांधे, म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की आपली स्वतःची मोठी बोट करायची, चौघांची, आणि सहा महिने घर तिच्यातच. डिझाइन श्रुतिकाचं. बांधकाम निलेशचं, मरोळच्या गाळ्यात. कापड जयाचं. देखरेख आणि टोमणे तात्यांचे.

कापड म्हणजे काचेच्या धाग्याचं कापड. फायबरची बोट कशी होते, तर साच्यात हे कापड पसरायचं, त्यावर रेझिन ओतायचं, रोलर फिरवायचा, परत कापड, परत रेझिन. किती थर घालायचे ते डिझाइन करणारा सांगतो. जया पूर्वी दिंडोशीत कॉलनीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. तिने वर्तमानपत्राचे पॅटर्न काढले, प्रत्येक तुकड्याला नंबर दिला, डावी होडी बारा, उजवी होडी सात, आणि गाळ्यातल्या लांब टेबलावर बसून महिनोन्महिने कापलं. हाताला अशी खाज सुटायची की काही विचारू नका. गरम पाण्याने आंघोळ केली की आणखी वाढायची, म्हणून भर थंडीत गार पाण्याने.

तेव्हा श्रुतिका विशाखापट्टणमला शेवटच्या वर्षाला होती. आणि एक दिवस निलेश टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"जया, प्रत्येक नंबराचे चार तुकडे जास्त काप."

"चार? ड्रॉइंगमध्ये तर..."

"आतून दोन, बाहेरून दोन. काप तू."

"अहो, पण श्रुतिकाला..."

"तिला नको सांगू. उगाच किटकिट करेल."

निलेशला वाईट म्हणायची सोय नाही. तो माणूस वीस वर्षं दुसऱ्यांच्या फुटलेल्या बोटी दुरुस्त करत आलेला. तडकलेली बोट गाळ्यात आली की तो आधी कडेला करवत लावायचा आणि थर मोजायचा. आठच्या जागी पाच. सहाच्या जागी चार. थर खाणारे लोक, त्यांच्या नावाने तो शिव्या घालायचा आणि दुप्पट जाड करून बोट परत द्यायचा. 'कोयंडेचा माल हातोड्याने फुटत नाही' असं मरोळमध्ये बोलतात, ते ऐकून त्याची छाती फुगते. अशा माणसाला लेक कागदावर सांगते की इथे पाचच थर पुरे. त्याच्या जिवाला ते पटेल तर शप्पथ. शिवाय आत कोण झोपणार? तीच.

जयाने कापलं. तिलाही तेव्हा बरंच वाटलं होतं. जाड असलेलं केव्हाही चांगलं, एवढीच तिची अक्कल. खिडक्या कापल्या, कडा झाकल्या, रंग लागला. श्रुतिका परीक्षा देऊन आली तेव्हा बोट आतून-बाहेरून गुळगुळीत झाली होती. तिने बापाला एकच विचारलं, "बाबा, थर ड्रॉइंगप्रमाणेच ना?" आणि बाबा म्हणाले, "मग!"

ट्रायलनंतर आठवडाभर घरात कुणी धड जेवलं नाही. श्रुतिका लॅपटॉप घेऊन बसायची, सगळी गणितं पहिल्यापासून करायची, तेच उत्तर यायचं, आणि ती म्हणायची, "म्हणजे मुळातच काहीतरी चुकतंय. मला दिसतच नाहीये." मग रविवारी सकाळी सगळ्यांना समोर बसवून तिने सांगून टाकलं. बोट दुरुस्त होण्यासारखी नाही. खाडीपुरती ठीक आहे, विकून टाका. डिझाइन पहिल्यापासून करू. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "तीन वर्षं वाया घालवली मी तुमची. सॉरी."

सॉरी! त्या क्षणी निलेशने तोंड उघडायला हवं होतं. जयाने त्याच्याकडे बघितलं. तो जमिनीवरच्या फरशीकडे बघत होता. तात्या म्हणाले, "असांदे गो, पहिली चपाती वाकडीच होता." आणि बैठक संपली.

बोट मनोरीच्या एका रिसॉर्टवाल्याने घेतली, पाहुण्यांना खाडीत फिरवायला. नवीन डिझाइन सुरू झालं. पण ते बघवेना. आधीची बोट कशी चपळ दिसायची कागदावर. आता श्रुतिका एक रेघ मारायची आणि ती घाबरून आणखी बाहेर सरकवायची. होड्या फुगल्या, माळा वर गेला, शिडाची डोलकाठी जाड झाली. "माझा हिशोब इतका चुकतो तर तेवढं जास्तीचं धरूनच ठेवलेलं बरं," असं म्हणायची. तात्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "बोट काढतंस की वखार?" पूर्वी असं कुणी बोललं असतं तर पोरीने भांडून घर डोक्यावर घेतलं असतं. आता नुसती खोडरबर शोधायला लागली.

"सांगा तिला," जया रोज नवऱ्याला म्हणायची. कधी गाळ्यात, कधी जिन्यात.

"सांगतो गं."

"कधी?"

"उद्या सांगतो. आज पार्टी येणारे." कधी पार्टी, कधी डोकं दुखतंय, कधी तात्या समोर आहेत. तात्यांसमोर तर त्याची बोबडीच वळायची. पन्नाशी आली तरी बापापुढे खोटेपणा उघडा पडायची लाज. लेक 'हिशोब चुकला' म्हणते आणि खरं म्हणजे बापाने लबाडी केली, हे कसं सांगायचं तात्यांना? जयाला त्याची कीव यायची आणि रागही यायचा.

पण मग ती स्वतः का नाही बोलली? तिला तर कुणी तोंडाला कुलूप लावलं नव्हतं. हा प्रश्न जया मनात येऊ द्यायची नाही. कारण त्याचं उत्तर काही चांगलं नव्हतं.

झालं असं होतं की ट्रायलच्या आधीच श्रुतिकाला कोचीहून बोलावणं आलं होतं. बोटी डिझाइन करणारं मोठं ऑफिस, तिच्या कॉलेजच्या सरांनी नाव सुचवलेलं. पत्र आलं त्या दिवशी पोरगी पलंगावर उभी राहून नाचली होती. जयानेही शेजारच्या सुहासिनीताईंना पेढे दिले, हसून दिले, आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडली. एकुलती एक पोर. कोची. बोट तयार होईल आणि तिच्यात तीनच माणसं असतील. मग पट्टी बुडाली, आणि तिसऱ्या आठवड्यात श्रुतिका म्हणाली, "मी कोचीला नाही म्हणणारे. ज्या पोरीला स्वतःच्या घरची बोट नीट तरंगवता येत नाही, ती लोकांच्या काय काढणार?" जयाला वाईट वाटलं. खूपच वाटलं. आणि त्या वाईटाच्या खाली कुठेतरी, लाज वाटावी इतकं बरंही वाटलं. राहील घरी, असं वाटलं.

आई आहे म्हणून काय, असलं मनात येत नाही असं थोडंच आहे.

कोचीवाल्यांनी उत्तराला सोमवारपर्यंतची मुदत दिली होती. शनिवारी दुपारी जया स्वयंपाकघरात बांगडे साफ करत होती. निलेश आणि तात्या गाळ्यात होते. श्रुतिका लॅपटॉप घेऊन आत आली आणि फ्रिजला टेकून खालीच बसली.

"आई, ऐक ना. मेल लिहिलाय. 'रिग्रेट' शब्द दोनदा आलाय, चालेल का?"

"वाच."

तिने वाचलं. इंग्रजी होतं, पण जयाला कळलं तेवढं कळलं. आभारी आहे. मोठी संधी. मात्र माझ्या कामात मूलभूत चुका आढळल्या असल्याने मी स्वतःला अद्याप पात्र समजत नाही. पोरगी सरळ आवाजात वाचत होती, किराण्याची यादी वाचावी तशी. शेवटी नाव, श्रुतिका निलेश कोयंडे.

"'फंडामेंटल' जास्त वाटतंय का? नुसतं 'मिस्टेक्स' लिहू?"

जयाच्या हातात बांगडा होता. तिने तो ताटात ठेवला. हात धुवायला पाहिजे होते, पण हात धुवायला गेले तर परत बोलायचं राहील, हे तिला आतून कळलं.

"काही लिहू नकोस. चूक तुझी नाहीये."

"आई, प्लीज. आता तू सुरू नको करू."

"अगं कापड मी कापलंय," जया म्हणाली. "मला माहीत नसणार? बाबांनी थर जास्त घातले. प्रत्येक नंबराचे चार तुकडे जास्त. आतून दोन, बाहेरून दोन."

श्रुतिका फ्रिजपासून सरळ होऊन बसली.

"सगळीकडे?"

"सगळीकडे. डाव्या होडीला, उजव्या होडीला, वरच्या माळ्याला."

"खिडक्यांच्या भोवती?"

"तिथे पण."

पोरीने मेल बंद केला नाही, तसाच बाजूला सरकवला आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडला. तोंडाने पुटपुटत होती. एकशे एकतीस चौरस मीटर. एका थराचे रेझिनसकट दोन किलो धर. चार थर, आठ किलो. एक हजार अठ्ठेचाळीस. तिचं एक जुनं सूत्र होतं, लहान मुलालाही समजावं असं, ते जयालासुद्धा पाठ झालेलं: शंभर किलो वाढले की ही बोट एक सेंटीमीटर खाली जाते.

"साडेदहा," श्रुतिका म्हणाली. "साडेदहा सेंटीमीटर. आणि मोजले अकरा."

"मग अर्धा कुठला?"

"तात्यांचा तो लोखंडी नांगर. पन्नास किलो. ट्रकमधून आणून गुपचूप ठेवला होता त्यांनी, तो मी धरलाच नव्हता." तिला हसू आलं. हसता हसता तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती हमसून हमसून रडायला लागली. "बरोबर होतं आई. सगळं बरोबर होतं माझं."

जयाने तिला जवळ घेतलं नाही. हात माशांनी भरलेले होते म्हणून नव्हे. जवळ घ्यायचा आपल्याला या वेळी हक्क नाही असं तिला वाटलं.

चारला निलेश आणि तात्या आले. श्रुतिका दारातच उभी होती. डोळे सुजलेले, पण आवाज चांगला धारदार होता. आठ आठवड्यांत पहिल्यांदा.

"बाबा, किती थर घातले?"

निलेशने आधी बायकोकडे बघितलं. मग पायातले बूट काढण्यात त्याने बराच वेळ घालवला. "नऊ," तो म्हणाला.

"मी किती सांगितले होते?"

"पाच."

"काय झाला?" तात्यांनी विचारलं. "कसले नऊ?" म्हातारा चाळीस वर्षं तांडेल होता. त्याने मुलाच्या तोंडाकडे बघितलं आणि हळूच खुर्चीवर बसला.

"श्रुती, मी वीस वर्षं फाटलेल्या बोटी बघतोय," निलेश म्हणाला. "पाच थरांच्या बोटीत कोण बसतं आणि काय होतं, मी बघितलंय डोळ्यांनी. तुझा आकडा बरोबर असेल गं. पण आत तू झोपणार होतीस. माझा हातच थांबेना."

"त्या बोटी चोरांनी बांधल्या होत्या! मी चोर आहे का? आणि नऊच पाहिजे होते तर सांगायचं ना मला. मी नऊ थरांचीच बोट काढली असती. होड्या रुंद केल्या असत्या, झकास तरंगली असती. जाड केली म्हणून बुडाली नाही ती, बाबा. चोरून जाड केली म्हणून."

निलेशची मान खाली गेली. "मला सांगायचं होतं," तो म्हणाला. "रोज सांगणार होतो."

"रोज मी वेड्यासारखी तीच गणितं करत होते! मला वाटलं माझं डोकंच गेलंय. पात्र नाही असं लिहून देत होते मी लोकांना!"

"चुकलो," निलेश म्हणाला. तात्या उठले, मुलाच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. निलेशला रागावतील असं जयाला वाटलं होतं. पण ते नातीला एवढंच म्हणाले, "माजो पण नांगर होतो गो. अर्धो सेंटीमीटर माजो."

श्रुतिकाने नाक पुसलं आणि ती आईकडे वळली.

"बाबा घाबरले. कळलं. तू का गप्प बसलीस?"

जयाच्या जिभेवर उत्तर तयार होतं. बाबांची मान खाली जाऊ नये म्हणून. तात्यांपुढे शोभा नको म्हणून. खोटं नव्हतं ते, आणि पोरीने मानलंही असतं. घरात कुणालाच नडलं नसतं.

"तू कोचीला नाही म्हणालीस ना," ती म्हणाली, "तेव्हा मला बरं वाटलं होतं. तू घरी राहशील म्हणून. मग माझ्याने बोलवेना."

निलेशने मान वर करून बायकोकडे बघितलं, हे त्यालाही नवीन होतं. श्रुतिका आत गेली, लॅपटॉप घेऊन बसली आणि तिने दार लावून घेतलं. जया परत ओट्याशी आली. बांगडे उन्हाळ्यात किती वेळ बाहेर ठेवणार? तिने ते धुतले, मीठ-हळद लावली आणि रडत रडतच तिरफळं ठेचली.

सोमवारी सकाळी श्रुतिकाने कोचीला होय कळवलं. घरात सांगताना तिने आईकडे बघून सांगितलं नाही. जायचं महिन्याने होतं. दोन आठवडे ती जयाशी कामापुरतं बोलली: चहा टाकू का, माझा निळा टॉप कुठाय. जयाने ते मुकाट्याने सोसलं. आपल्या कर्माची फळं, दुसऱ्या कुणाला बोल लावायचा?

पण फुगलेल्या बोटीची ड्रॉइंगं पोरीने त्याच आठवड्यात फाडली. आणि तिसऱ्या रविवारी तिने सगळ्यांना मरोळला गाळ्यात बोलावलं. इंडस्ट्रियल इस्टेट बंद, शेजारचे गाळे कुलूपबंद, त्यामुळे शांत होतं. रिकाम्या साच्याच्या शेजारी तिने रेझिनचे ड्रम तोलायचा काटा मधोमध ओढून ठेवला होता आणि भिंतीला एक मोठा पुठ्ठा टेकवला होता.

"आता परत पहिल्यापासून," ती म्हणाली. "या वेळी आधी वजन, मग रेघ. कुणीही काहीही लपवायचं नाही. नांगर असेल तर नांगर सांगायचा. थर किती पाहिजेत ते बाबांनी आत्ताच सांगायचे, मी त्यावर बोट काढते."

"सात," निलेश म्हणाला. मग जरा विचार करून, "सहा चालतील."

"नक्की?"

"नक्की. कापड जयाने मोजून द्यायचं. मी मागितलं तरी जास्त द्यायचं नाही."

"चला, माणसं चढा काट्यावर. तात्या, तुम्ही आधी."

तात्या चपला काढून चढले. अठ्ठावन्न. "लहानपणी याच्यापेक्षा जड होतंय मी," ते म्हणाले. निलेश चढला. त्र्याऐंशी. श्रुतिकाने मार्करने पुठ्ठ्यावर लिहिलं.

"आई?"

"बासष्ट लिही."

"चढ."

जया चढली. काटा एकोणसत्तरवर जाऊन थांबला. "बघा, सात किलोची लबाडी!" निलेश ओरडला, आणि तात्या इतके हसले की त्यांना ठसका लागला. श्रुतिकासुद्धा हसली. दोन आठवड्यांत पहिल्यांदा तिने आईच्या डोळ्यात बघितलं.

"आता तू चढ गो बाय," तात्या म्हणाले.

हसणं थांबलं. श्रुतिका मार्करचं टोपण काढत-लावत राहिली. "मी कशाला, तात्या? मी कोचीला असेन."

"म्हणून काय झालं?" निलेश घाईघाईने म्हणाला. "धर की तुझंही. सुट्टीत आलीस तर? एक बिछाना, एक कपाट, तुझं वजन. नाही आलीस तर बोट हलकीच राहील ना, बिघडतंय काय? धर तू. चौघांचं धर."

"बाबा, परत तेच?" श्रुतिका म्हणाली, पण हळू. ती रागावली नव्हती. निर्णय तिला घ्यायचाच नव्हता बहुतेक, कारण ती आईकडे बघायला लागली. निलेशही बघत होता. तात्याही.

जया अजून काट्यावरच उभी होती. साठ किलो तर पोरीचं वजन. अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जरासं जास्त. कुणाला दिसणारही नाही एवढं. एक बिछाना तिच्या नावाचा राहील, त्यावर चादर घालता येईल, येणार आहे म्हणता येईल. जयाला 'हो' म्हणायचं होतं.

"तिघांचं धर," ती म्हणाली.

"तिघांचंच?"

"तिघांचंच. येशील तेव्हा पाण्याचे वीस-वीस लिटरचे तीन कॅन कमी भरू."

श्रुतिकाने पुठ्ठ्याकडे तोंड केलं. तीन आकड्यांखाली रेघ मारली, दोनशे दहा लिहिलं आणि मार्करचं टोपण लावलं. जया काट्यावरून खाली उतरली आणि चपला शोधायला लागली.